आपला देश सोडून

दर रविवारी सकाळी मध्य प्रदेशातल्या सौंसरात भैय्याजींच्या संत्र्याच्या वखारीत पाच-सहा माणसं जमायची आणि एका जनरलला पत्रं लिहायची. जनरल दक्षिण अमेरिकेतला. त्याचा देश नकाशावर करंगळीच्या नखाखाली सहज झाकला जाई आणि देशाचं नाव मोरेश्वर मास्तर सोडले तर कोणाच्या जिभेवर धड बसत नसे. ह्या जनरलनं रामोन नावाच्या एका संगीतशिक्षकाला वर्षानुवर्षं कोंडून ठेवलं होतं. कारण काय, तर त्यानं वर्गात मुलांना सरकारला न आवडणारं गाणं शिकवलं. लंडनच्या एका संस्थेनं रामोनचं प्रकरण सौंसरच्या मंडळाकडे सोपवलं होतं. वखारीत त्याला सगळे 'आपला रामभाऊ' म्हणत. एखाद्या रविवारी कोणी आलं नाही की भैय्याजी विचारत, "काय गा, रामभाऊले इसरला का?"

गावाला ही सगळी थेरं वाटायची. "मास्तर, जनरलची चिठ्ठी आली का?" असं पानठेल्यावर कोणी ना कोणी विचारायचंच. पण टिंगल करणाऱ्यांनाही एक गोष्ट ठाऊक होती. आणीबाणीत भैय्याजी स्वतः तुरुंगात जाऊन आले होते, आणि तेव्हा हॉलंडमधल्या कुठल्याशा बाईचं एक कार्ड त्यांच्या घरी आलं होतं. 'तुम्ही एकटे नाही', एवढंच त्यावर इंग्रजीत लिहिलेलं. ते वाचायला घरच्यांनी मोरेश्वर मास्तरांना बोलावलं, आणि मंडळाची सुरुवात खरी तिथून झाली. कार्ड आता काचेत घालून वखारीच्या भिंतीवर लावलं होतं, रामभाऊच्या फोटोशेजारी.

मंडळाचं डोकं म्हणजे मास्तर. पन्नाशी उलटलेले, सरळ ताठ, शर्टाच्या खिशाला कायम शाईचा डाग. सौंसर-पांढुर्णा रस्त्यावरच्या एका गावातल्या शाळेत ते इंग्रजी शिकवत. त्या गावाचं नाव घेत नाही. गावानं काही केलेलं नाही, उगाच त्याला बट्टा कशाला. मास्तरांच्या इंग्रजीचा सगळ्या तालुक्यात दबदबा होता आणि त्यांना स्वतःलाही त्याचा जरा जास्तच अभिमान होता. जनरलला ते शिव्या देऊ देत नसत. माणूस कितीही नालायक असो, पत्रात तो 'युवर एक्सलन्सी'. "आपण विनंती करून राहिलो, भांडून नाही राहिलो," ते जयश्रीला बजावत. जयश्री प्राथमिक शाळेत नवीन लागलेली शिक्षिका. तिची पत्रं तिखट असायची आणि मास्तर ती बसून मऊ करायचे. जनरलचं उत्तर मात्र कधी आलं नाही. तरी मास्तर दर रविवारी वखारीत शिरताना आधी भैय्याजींच्या टपालाकडे एक नजर टाकत. उत्तर आलं तर ते कसं उघडायचं, कोणाला आधी वाचून दाखवायचं, हेसुद्धा त्यांनी मनात ठरवून ठेवलं होतं.

संस्थेचे नियम पुष्कळ होते, पण एक नियम सगळ्यांत वरचा. आपल्या देशातल्या माणसासाठी आपण लिहायचं नाही. आपला देश सोडून जगात कुठंही. आपल्या इथल्या माणसांसाठी दुसऱ्या देशातले लोक लिहितील, त्यांच्यासाठी आपण लिहू. नियम वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. त्यामुळे मंडळात गावचं राजकारण शिरत नसे, कोणी कोणाचा सूड उगवत नसे आणि पत्र लिहिणाऱ्याच्या दारात पोलीस येत नसत. मास्तरांना हा नियम फार आवडे. त्यात एक उंची आहे, असं ते म्हणत.

त्या वर्षी पोळ्याच्या आधी भैय्याजींच्या मळ्यातल्या विहिरीवरची मोटर गायब झाली.

मळा त्याच गावाला लागून, जिथं मास्तरांची शाळा. संत्र्याच्या बागेला मोटर म्हणजे जीव की प्राण, भैय्याजी खवळले. मळ्यावर गुणवंता नावाचा सालदार होता, वर्षाच्या करारावरचा गडी, तिशीतला, आपल्या आईसोबत मळ्यातच राहणारा. मोटर गेली त्या दिवशी तो बाजाराला गेला होता. भैय्याजींनी चौकीत जाऊन तक्रार दिली आणि ठाणेदारानं "किस पर शक है?" विचारल्यावर त्याचं नाव सांगितलं. पुढे ते म्हणत राहिले, की मी चोर म्हटलं नाही, संशय फक्त सांगितला. चौकीत तेवढं पुरतं, हे तुरुंग पाहून आलेल्या माणसाला कोणी सांगायला नको होतं.

चौकी शाळेच्या अगदी समोर. मधे फक्त रस्ता. मास्तरांच्या नववीच्या वर्गाच्या खिडकीतून चौकीचं बाजूचं आवार दिसे. एरवी तिथं शिपायांचे कपडे वाळत असत. त्या दिवशी मास्तर फळ्याकडून वळले आणि त्यांची नजर सहज बाहेर गेली. गुणवंताचा उजवा हात बाजूच्या खिडकीच्या गजाला बांधला होता, इतका वर की त्याला टाचा टेकता येत नव्हत्या. एक शिपाई काठी घेऊन उभा होता. मग काठी त्या बांधलेल्या हातावर पडली, आणि पुन्हा पडली. ओरडणं रस्ता ओलांडून वर्गात आलं. मुलं मान वळवून बघायला लागली.

"खिडकी लावा," मास्तर म्हणाले. "पाऊस आत येऊन राहिला."

पाऊस नव्हता. सकाळपासून नव्हता. खिडकीजवळच्या मुलीनं एकदा आभाळाकडे पाहिलं, एकदा मास्तरांकडे, आणि मुकाट्यानं दोन्ही कवाडं ओढून घेतली. मास्तरांनी धडा पुढे चालू केला. आवाज थोडा चढवून.

रविवारी अंबाबाई वखारीत आली. गुणवंताची आई. ती गावाहून सौंसरपर्यंत कशी आली कोण जाणे. पायांना रस्त्याची माती होती. दारात पायरीखाली उभी राहून तिनं आधी भैय्याजींना पाहिलं. वखार त्यांचीच, पण रविवारी ते तिथं बसत असतील हे तिला माहीत नसावं. पदर सारखा करून ती मास्तरांकडे वळली.

"मास्तर, माह्या पोराले चौकीत टाकलं. आज किती दिस झाले, सोडून नाही राहिले. मले भेटूबी देत नाही. मी दारात बसून राहते, आतून त्याचा आवाज येते." तिनं हात जोडले. "तुमी लोकं चिठ्ठ्या लिहून जेलातून मानसं सोडवता म्हणते. एक चिठ्ठी माह्या गुणवंतासाठी लिहून द्या. बाकी काही नाही मांगत."

भैय्याजी एक संत्रं उचलून दाबून बघायला लागले, जणू आजच भाव काढायचा होता.

जयश्रीला राहवलं नाही. "सर, चोवीस तासांत कोर्टापुढं उभं करायले पाहिजे. हे तर सरळ कायद्याच्या बाहेर आहे. आपण लिहू न. वर छिंदवाड्याले लिहू. आत्ता लिहू."

मास्तरांच्या डोळ्यांपुढे तो गजाला बांधलेला हात आला. त्यांना वाटलं, आता आपण बोलणार. 'मी पाहिलं' एवढे दोन शब्द. पण तोंडातून निघालं ते वेगळंच.

"जयश्रीबाई, नियम आहे. आपला देश सोडून. उद्या आपण इथल्या भानगडीत पडलो, तर रामभाऊच्या पत्राले काय किंमत राहील?"

"अगदी बरोबर," भैय्याजी लगेच म्हणाले. "नियम म्हंजे नियम."

अंबाबाईला त्यातलं काही कळलं नाही. "मंग आपल्या इकडच्या मानसासाठी कोन लिहिते?" तिनं विचारलं.

"बाहेरच्या देशातले लोक लिहितात, अंबाबाई."

"थे वळखते का माह्या गुणवंताले?"

मास्तर समोरचे कागद सारखे करायला लागले. अंबाबाई थोडा वेळ वाट बघत उभी राहिली. नाही म्हणणाऱ्याचं तोंड एकदा नीट पाहून घ्यावं, तसं तिनं सगळ्यांकडे पाहिलं. मग काचेतल्या कार्डाकडे, मग रामभाऊच्या फोटोकडे. "हा सुटला का?" तिनं विचारलं. "अजून नाही," जयश्री म्हणाली. "त्याची माय असन," असं म्हणून अंबाबाई निघून गेली.

मास्तर घरी आले ते जेवले नाहीत. संध्याकाळी टेबलाशी बसून त्यांनी लंडनला एक पत्र लिहिलं. नियमात त्याला वाव होता: आपल्या देशातली माहिती कळवायला हरकत नाही, मोहीम फक्त करायची नाही. त्यांनी गुणवंताचं नाव, वय, चौकीचं ठिकाण, कोठडीत मारहाण होत असल्याचं 'विश्वसनीयरीत्या समजतं', असं सगळं सुबक इंग्रजीत मांडलं. कोणाकडून समजतं, ते लिहिलं नाही. पाकीट चिकटवलं आणि त्यांना एकदम हलकं वाटलं. आपण हात झटकले नाहीत, नियमही पाळला.

त्यांची बायको उषा कपडे घडी घालत बसली होती. "कोनाले लिहिलं?" तिनं विचारलं. मास्तरांनी सांगितलं.

"चौकी तुमच्या शाळेसमोर आहे न?"

"हो."

"मंग लंडनले काऊन?"

"तुले नाही समजणार ते," मास्तर म्हणाले. उषा पुढची घडी घालायला लागली. तिला चांगलंच समजलं होतं, आणि ते मास्तरांनाही समजलं होतं.

पोळा आला. भैय्याजींचे बैल झुली घालून तोरणाखाली उभे राहिले, पण त्यांना धरायला गुणवंता नव्हता. दुसऱ्याच कोणाला तरी पुढे केलं आणि बैल सारखे मान झटकत राहिले. दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याला गोटमार. दरवर्षीप्रमाणे नदीच्या दोन काठांवरून दोन गावं एकमेकांवर दगड फेकणार, म्हणून आजूबाजूचे सगळे पोलीस बंदोबस्ताला तिकडे गेले आणि गुणवंता एका शिपायाच्या हवाली कोठडीत पडून राहिला. गोटमार संपल्यावर भैय्याजींचा पुतण्या अनिल डोक्याला पट्टी बांधून पांढुर्ण्याहून परत आला आणि सहज म्हणाला, "काका, मोटरचं वाइंडिंग झालं, घेऊन येऊ का?" मोटर चोरीला गेलीच नव्हती. जळली होती म्हणून पोरानंच ती पांढुर्ण्याच्या दुकानात टाकली होती, आणि गोटमारीच्या नादात घरी सांगायचं विसरला होता.

गुणवंता सुटला. भैय्याजी स्वतः चौकीत गेले, त्याला जीपमध्ये बसवून आणलं, डॉक्टर बोलावला, सालदारकी कायम ठेवली. गावानं त्यांना मोठ्या मनाचा माणूस म्हटलं. गुणवंताच्या उजव्या हाताची बोटं मात्र वळेनात. फावडं धरता येईना, दोर धरता येईना. मग त्याला बागेत माकडं हाकायला बसवलं. तिथं तो डबा वाजवत बसे, डाव्या हातानं, आणि कोणी हाक मारली तर आधी दचके आणि मग ओ देई.

वखारीत ह्या विषयावर कोणी चकार शब्द काढला नाही. जयश्री यायची बंद झाली. रस्त्यात भेटली तेव्हा मास्तरांनी विचारलं, तर म्हणाली, "रामभाऊले माझा नमस्कार सांगा, सर." मास्तरांना ते फार लागलं. पण रविवार चुकवला नाही त्यांनी. जनरलला त्यांनी पुन्हा लिहिलं, पूर्वीपेक्षाही नम्रपणे.

आंब्या बहाराची संत्री उतरायला लागली, थंडी पडली. एका सकाळी दुसरा तास सुरू असताना चौकीतला शिपाई शाळेत आला. साहेबांनी बोलावलंय, इंग्रजीचं काम आहे, म्हणाला. मास्तरांना त्यात काही वावगं वाटलं नाही. इंग्रजीच्या कामाला त्यांना सगळेच बोलवत. खडूचे हात झटकून ते रस्ता ओलांडून गेले. इतक्या वर्षांत ते त्या दारातून पहिल्यांदाच आत जात होते.

ठाणेदार वरच्या भागातून बदलून आलेला, हिंदी बोलणारा, अदबीचा माणूस. त्यानं मास्तरांना खुर्ची दिली, चहा मागवला, आणि टेबलावर एक लांबट निळं पाकीट ठेवलं.

"मास्टर साहब, ज़रा पढ़िए. हॉलैंड से आया है. ऐसा ही एक छिंदवाड़ा में एसपी साहब को भी गया है, ऊपर से जवाब माँगा है."

मास्तरांनी कागद उलगडला. अक्षर कोणा योहाना नावाच्या बाईचं. 'आदरणीय महोदय, आपल्या चौकीत ठेवण्यात आलेल्या गुणवंता ह्या तरुणाच्या प्रकृतीविषयी आम्हाला तीव्र चिंता वाटते. त्याला वैद्यकीय मदत मिळावी, त्याच्या आईला त्याला भेटू द्यावं, अशी आमची आपणांस नम्र विनंती आहे.' तीव्र चिंता. नम्र विनंती. सगळी वाक्यं त्यांच्या ओळखीची होती. जनरलला ते हीच लिहीत. सौंसरहून निघालेली बातमी लंडनला गेली, तिथून हॉलंडला, आणि अर्ध्या जगाला वळसा घालून रस्त्याच्या ह्या बाजूला आली होती. आणि मास्तर इतके महिने रस्त्याच्या त्या बाजूला उभे राहून शिकवत होते. गुणवंताची बोटं कधीच गेली होती. त्या बाईला ते माहीत नव्हतं. ती अजून त्याच्या औषधपाण्याची विनंती करत होती.

मास्तरांनी पत्र हिंदीत समजावून सांगितलं. ठाणेदार ऐकता ऐकता पाकिटावरचं तिकीट नखानं काळजीपूर्वक सोडवत होता.

"टिकट अच्छा है," तो म्हणाला. "मेरा लड़का जमा करता है."

असंच होत असेल तिकडे, मास्तरांना वाटलं. जनरलच्या कचेरीत कोणीतरी असाच आपली तिकिटं सोडवत असेल. त्या माणसालाही लेकरं असतील.

"अब जवाब लिख दीजिए, आपकी बढ़िया अंग्रेज़ी में," ठाणेदार म्हणाला. "कि इस नाम का कोई आदमी यहाँ कभी लाया ही नहीं गया. रजिस्टर में नाम है नहीं. लड़के का अँगूठा हम ले लेंगे. और नीचे दो लाइन आप अपनी तरफ़ से लिखिए, कि मैं सामने के स्कूल में पढ़ाता हूँ, मैंने ऐसा कुछ नहीं देखा. आप इज़्ज़तदार आदमी हैं. बात ख़त्म."

त्यानं कोरा कागद पुढे सरकवला. मास्तरांनी खिशातून पेन काढलं, टोपण उघडलं, तारीख घातली आणि सवयीनं 'डिअर मॅडम' असं लिहिलंसुद्धा.

आणि तिथं त्यांचा हात थांबला. हे पत्र हॉलंडला पोचेल तेव्हा काय होईल, ते त्यांना लख्ख दिसलं. ती योहानाबाई पाकीट हातात घेईल. तिलाही वर्षानुवर्षं कोणी उत्तर दिलं नसेल. ती ते लगेच उघडणार नाही. आपल्या मंडळाच्या दिवसापर्यंत जपून ठेवील, सगळ्यांना बोलावील, मग हळूच उघडून मोठ्यानं वाचील. भारतातून उत्तर आलं! गुणवंता नावाचा कोणी कोंडलेलाच नव्हता, समोरच्या शाळेतले शिक्षक स्वतः सांगतात! आणि त्या सगळ्यांचा जीव भांड्यात पडेल. जे उत्तर मिळावं म्हणून आपण इतके रविवार झुरलो, ते उत्तर आपण लिहायचं, आणि ते खोटं लिहायचं. मास्तरांना स्वतःची अशी काही शिसारी आली की त्यांनी पेनाला टोपण लावून टाकलं.

"मैं नहीं लिख सकता," ते म्हणाले.

"क्यों?"

"मैंने देखा था उसको. खिड़की से. हाथ बँधा हुआ था." त्यांनी कागद परत सरकवला. "और लंदन को ख़बर भी मैंने ही दी थी."

ठाणेदार रागावला नाही. त्यानं तिकीट वहीच्या पानात नीट दाबून ठेवलं आणि वर पाहिलं. "मास्टर साहब, आप सरकारी नौकर हैं. बाल-बच्चेवाले हैं. आराम से सोचिए. जब तक सोचते हैं, यहीं बैठिए." मग शिपायाला म्हणाला, "साहब का चश्मा और कलम जमा कर लो. बाहर बेंच पर बिठाओ."

बाक चौकीच्या ओट्यावर होतं, रस्त्याकडे तोंड करून. चष्म्याशिवाय मास्तरांना समोरचं धूसर दिसत होतं, पण आपल्या वर्गाची खिडकी ओळखायला चष्मा लागत नव्हता. तिच्यात मुलांची डोकी दाटली होती. कधी नव्हे ते मास्तर चौकीत बसले आहेत, आणि डोळ्यांवर चष्मा नाही, खिशाला पेन नाही, हे नववीच्या पोरांनाही कळत होतं. मास्तरांनी मान खाली घातली. थोड्या वेळानं कडीचा आवाज आला. वर पाहिलं, तर खिडकी बंद.

शेजारच्या वर्गावरचे रवींद्र सर असतील. तास त्यांनी घेतला असेल. मुलांना काय सांगितलं असेल त्यांनी? डिसेंबरचं स्वच्छ ऊन पडलं होतं, आभाळात औषधाला ढग नव्हता. रवींद्र सर भला माणूस, मास्तरांना त्यांचा राग आला नाही. राग यायला तोंड कुठं होतं?

दुपार झाली. संत्र्याच्या पेट्या भरलेला एक ट्रक पांढुर्ण्याच्या बाजूनं आला. ड्रायव्हरशेजारी भैय्याजी बसले होते. ट्रक गतिरोधकावर हळू झाला, भैय्याजींची आणि मास्तरांची नजरानजर झाली. चष्मा नसला तरी एवढं दिसतं माणसाला. भैय्याजींनी टोपी सारखी केली आणि समोर बघायला लागले. ट्रक गेला. मागे संत्र्याचा वास तेवढा रेंगाळला.

आता माझ्यासाठी कोण लिहिणार, असा विचार मास्तरांच्या मनात आला. मंडळ लिहिणार नाही. आपला देश सोडून. हॉलंडला कळेल तेव्हा कळेल. संध्याकाळपर्यंत आपण टिकू का? की अंधार पडायच्या आत 'लाओ कागज' म्हणू? त्यांना भीती वाटत होती आणि ती लपवायचं बळही उरलं नव्हतं. बाजूच्या आवारात कोणी बादली आपटली तरी ते दचकत. गुणवंता दचकतो तसेच.

अशात फाटकाशी कोणीतरी आलं. बाई होती. हातात फडक्यात बांधलेली भाकर. जवळ आली तेव्हा मास्तरांनी ओळखलं. अंबाबाई.

"अब क्या है अम्मा?" फाटकावरचा शिपाई वैतागून म्हणाला. "तेरा लड़का तो कब का छूट गया."

"पोरासाठी नाही आली," अंबाबाई म्हणाली. "मास्तरसाठी आली. पोट्टे सांगून राहिले गावात, मास्तरले बसवून ठेवलं म्हणून. थ्यायले भाकर देतो."

शिपायानं आत पाहिलं, मग खांदे उडवले. तिनं फडकं ओट्याच्या कडेला ठेवलं. मास्तरांना तिच्याकडे बघवेना.

"अंबाबाई, तुम्ही घरी जा," ते हळूच म्हणाले. "हे लोक तुम्हाले त्रास देतील. गुणवंताले पुन्हा उचलतील. आणि मी... मी तुमच्यासाठी काहीच केलं नाही. मी पाहिलं होतं त्याले त्या दिवशी. खिडकीतून. पाहून खिडकी लावली."

अंबाबाईनं फडकं त्यांच्याकडे सरकवलं. तिचा चेहरा मास्तरांना नीट दिसत नव्हता.

"मले मालूम हाय," ती म्हणाली. "मी येथंच बसून होती न तवा. खिडकी लावतानी मी पाह्यलं."

म्हणजे वखारीच्या पायरीखाली उभी राहून तिनं चिठ्ठी मागितली, तेव्हाही तिला हे माहीत होतं.

"मंग कायले आल्या तुम्ही?" ते कसेबसे म्हणाले.

"तुमचा थो नियम होता, मास्तर," अंबाबाई म्हणाली. "माहा काही नियम नाही. भाकर खाऊन घ्या."

आतून ठाणेदार ओरडला, "कौन है बाहर?" शिपाई तिला हाकलायला पुढे आला. अंबाबाई फाटकाबाहेर गेली, पण लांब गेली नाही. रस्त्याच्या कडेला, चौकी आणि शाळा ह्यांच्या बरोबर मधे, पोळ्याच्या दिवसांत ती जिथं बसायची त्याच जागी तिनं पदर आवरला आणि खाली बसली. आत कोणाला बसवून ठेवलंय, ते येणारा-जाणारा तिला विचारू शकेल, अशी. मास्तरांनी फडकं सोडलं, भाकरीचा तुकडा मोडला, आणि आतून पुन्हा "सोच लिया, मास्टर साहब?" अशी हाक आली तेव्हा त्यांनी तिच्याकडे बघत बघत "हाँ, सोच लिया, नहीं लिखूँगा," असं मोठ्यानं, रस्त्यापलीकडे ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगितलं.